राब भाजल्याने नेमके काय होते?

मुरबाड तालुक्यातील धसईच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांत आणि शहापूरच्या डोंगरपट्टीत उन्हाळा सरत आला की भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर तोडून वाळवलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर मातीचा पातळ थर. वाऱ्याची दिशा बघून त्याला आग लावायची आणि पाऊस आला की त्याच जागी बी पेरायचे. राबावरचे रोप जोमाने येते आणि न भाजलेल्या जागेवरचे मागे राहते, हे इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. असे का होते, यावर एकेकाळी सरकारदरबारी मोठा वाद झाला होता. राबासाठी झाडांच्या डहाळ्या छाटल्याने जंगल बोडके होते, असे वनखात्याचे म्हणणे होते. राब बंद केला तर भात पिकणार नाही, असे शेतकरी सांगत होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये आयोग नेमला गेला, त्यात राबाचा प्रश्न ऐरणीवर होता. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करणारे रसायनशास्त्रज्ञ जॉन व्होल्कर यांनीही १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला आणि १९१२ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील राब पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्या अभ्यासाचा गाभा सातवी-आठवीच्या मुलाला समजेल इतका सरळ आहे. राब भाजताना एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. जळालेल्या पाल्याची राख मातीत मिसळते आणि आगीने माती तापते. मग रोपाला बळ कोण देते, राखेतले क्षार की मातीचे तापणे? राखेचे खत होते हे उत्तर सहज सुचणारे आहे. पण तापलेल्या मातीतही बरेच बदल होतात आणि मॅन यांच्या अभ्यासाने त्या तापण्याकडे लक्ष वळवले. त्याच सुमारास इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात एडवर्ड रसेल आणि हेन्री हचिन्सन मातीला उष्णता देऊन पाहत होते. तापवलेल्या मातीत काही सूक्ष्मजीव मरतात, उरलेले झपाट्याने वाढतात आणि पिकाला लागणारा नायट्रोजन अधिक प्रमाणात मोकळा होतो, असे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले होते. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी मृदाविज्ञानाला पडलेला एक महत्त्वाचा प्रश्न आणि ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बांधावरचा प्रश्न यांत फार अंतर नव्हते.

आज याच परिसरातील शाळेत विज्ञानाचा तास कसा चालतो, हे राज्यातल्या कोणत्याही वाचकाला आठवेल. पुस्तकात कृती दिलेली असते, तिच्याखाली निष्कर्ष छापलेला असतो. मुले कृती न करताही निष्कर्ष पाठ करू शकतात, आणि करतात. जिथे साहित्य उपलब्ध असते तिथेही प्रयोगाचा शेवट आधीच ठरलेला असतो. चुन्याची निवळी दुधाळ व्हायला हवी. नाही झाली तर ‘प्रयोग चुकला’ असे म्हणून वही पूर्ण केली जाते. असे प्रयोग निरुपयोगी नाहीत. हात वळण्यासाठी आणि उपकरणे ओळखीची होण्यासाठी ते लागतातच. पण त्यांतून विज्ञान कसे घडते हे कळत नाही, कारण विज्ञान घडते ते उत्तर कुणालाच ठाऊक नसते अशा ठिकाणी. या लेखातील माझे म्हणणे असे की खरे संशोधन वर्गात आणण्यासाठी सर्वप्रथम लागतो तो शिक्षकालाही उत्तर माहीत नसलेला, पण तपासता येण्याजोगा प्रश्न. महागडी यंत्रे आणि पाहुणे शास्त्रज्ञ त्यानंतर येतात. अशा प्रश्नांच्या बाबतीत धसईसारख्या ठिकाणची शाळा गरीब नाही.

राबाचाच प्रयोग वर्गात कसा करता येईल ते पाहू. राब उन्हाळ्याच्या सुटीत भाजला जातो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून शेतातला राब जसाच्या तसा वर्गात आणता येणार नाही. पण राख आणि उष्णता या दोन गोष्टी सुट्या करता येतात. एकाच शेतातली माती चाळून तिचे दोन भाग करायचे. एक भाग शिक्षकांनी लोखंडी घमेल्यात चुलीवर भाजायचा, दुसरा तसाच ठेवायचा. मग दुधाच्या रिकाम्या पिशव्या भरायच्या चार प्रकारच्या: भाजलेली माती आणि राख, नुसती भाजलेली माती, न भाजलेली माती आणि राख, आणि काहीच न केलेली माती. प्रत्येक प्रकारच्या पाच पिशव्या, प्रत्येक पिशवीत एकाच वाणाचे दहा दाणे. कोणती पिशवी कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे ऊन-सावलीचा फायदा एकाच प्रकाराला मिळणार नाही. लावणीला रोप तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर दर दोन दिवसांनी उगवलेले दाणे, रोपांची उंची आणि पानांची संख्या वहीत नोंदवायची. शेवटी रोपे उपटून, धुऊन, वाळवून त्यांचे वजन करायचे. जुलै संपायच्या आत सगळे पूर्ण होते आणि खर्च नगण्य असतो.

या वीस पिशव्यांत विज्ञानाची बरीचशी शिस्त सामावलेली आहे. काहीच न केलेली माती कशाला ठेवायची, असा प्रश्न मुलांना पडतो आणि तुलनेचा आधार म्हणजे काय ते तिथे कळते. पाच पिशव्यांतली रोपे सारखी वाढत नाहीत, तेव्हा सरासरी काढण्याची गरज पटते आणि एका पिशवीवरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे हेही उमगते. एखादी पिशवी शेळीने खाल्ली तर ती नोंदीतून गाळायची की कारणासह नोंदवायची, हा प्रामाणिकपणाचा प्रश्न प्रत्यक्ष समोर येतो. आणि निकाल शिक्षकांनाही ठाऊक नसतो. मॅन यांनी वापरलेली माती वेगळी, वाण वेगळे, हवा वेगळी. आज या मातीत, या वाणावर काय होईल हे करून बघितल्यावरच कळेल. शिवाय रोपवाटिकेचा प्रश्न अजून मिटलेला नाही. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत रोपांच्या वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, ती त्यातल्या सिलिकासाठी. म्हणजे राब न भाजता राखेचा लाभ घेण्याची ती एक वाट आहे. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात तर गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात. रोप, चिखलणी आणि लावणी यांना तिथे फाटाच दिला आहे. मुलांच्या घरी या पद्धतींवर चर्चा होत असणार. पिशव्यांचा पाचवा प्रकार तुसाच्या राखेचा केला, तर वर्ग त्या चर्चेत आकडे घेऊन उतरू शकतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवते, पुढे भातसाही त्यात आले. आणि याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. कोकणातला मुसळधार पाऊस इथे पडतो, मग पाणी जाते कुठे? उतार तीव्र आहे आणि जमिनीखाली बेसाल्टचा कठीण कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात जेवढे मुरेल तेवढेच पाणी साठते, बाकीचे काळू, भातसा यांसारख्या नद्यांमधून वाहून जाते. हे सर्वसाधारण उत्तर झाले. पण आपल्या पाड्यावरची विहीर फेब्रुवारीत आटते आणि हाकेच्या अंतरावरची मे महिन्यापर्यंत पाणी देते, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. प्रत्येक पाड्यावरच्या प्रत्येक विहिरीवर दर आठवड्याला जाणे कोणत्याही खात्याला परवडणारे नाही. शाळेला मात्र ते शक्य आहे, कारण त्या विहिरींवरून मुले रोज ये-जा करतात. खुणा केलेली दोरी, तिला बांधलेले वजन, मोठ्या माणसाची सोबत आणि एक वही एवढ्यावर दोन-तीन वर्षांत अशी नोंद उभी राहील, जी आज कुणाकडेच नाही. तिच्याशेजारी शाळेच्या अंगणातल्या पर्जन्यमापकाचे आकडे ठेवले की पाऊस आणि विहीर यांचे नाते आलेखावर दिसू लागते.

खरे संशोधन वर्गात आणण्याची ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक सत्तरच्या दशकात शालेय विज्ञानाकडे वळले. त्यांच्यापैकी अनिल सद्गोपाल यांनी संस्था सोडून मध्य प्रदेशात किशोर भारती ही संस्था उभी केली आणि १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा सरकारी शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ या तिथल्या पुस्तकांत प्रश्न होते, कृती होत्या, पण तयार निष्कर्ष नव्हते. शिक्षक दरमहा एकत्र बसून अडचणी मांडत. परीक्षेत पुस्तक उघडून बघायला परवानगी होती आणि प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा होती. हा उपक्रम वाढत शेकडो शाळांत पोचला आणि तीस वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने तो बंद केला. मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. पुस्तकाची अवघड भाषा हा पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांपुढचा फार मोठा अडसर आहे, असे या केंद्राच्या कामातून पुढे आले. घरात ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळांनी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा. याच केंद्राच्या ‘क्यूब’ या उपक्रमात विद्यार्थी पिकल्या केळ्यावर येणाऱ्या फळमाश्या आणि साचलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव साध्या बाटल्यांत वाढवून अभ्यासतात. याच फळमाशीवर थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० पासून आनुवंशिकतेचे पायाभूत संशोधन केले. आणि पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करत शिकण्याला ग्रामीण शाळेत जागा मिळवून दिली.

यावर पहिला आक्षेप शिक्षणशास्त्राचा आहे, आणि तो वजनदार आहे. हाताने केले की आपोआप समजते, हे खरे नाही. इयान अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी इंग्लंडमधील शाळांच्या पंचवीस प्रात्यक्षिक तासांचे निरीक्षण करून २००८ मध्ये दाखवले की मुले सांगितलेली कृती नीट पार पाडतात, पण त्या कृतीमागच्या कल्पनेशी तिचा सांधा बऱ्याचदा जुळत नाही. त्याआधी २००६ मध्ये पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी मांडले होते की नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाविना शोध लावायला सोडणे कुचकामी ठरते. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत, आणि त्यांतूनच वरच्या पद्धतीची गरज दिसते. पिशव्या भरून मुलांना मोकळे सोडणे म्हणजे संशोधन नव्हे. पिशव्या भरण्याआधी प्रत्येकाने ‘मला काय होईल असे वाटते आणि का’ हे लिहायचे. दर आठवड्याला ते पुन्हा तपासायचे. शेवटी शिक्षकांनी नायट्रोजन, सूक्ष्मजीव, क्षार या संकल्पना स्पष्ट शब्दांत शिकवायच्या. प्रश्न खुला, रीत मात्र पक्की आखलेली. खऱ्या प्रयोगशाळेतही नवा संशोधक अनुभवी माणसाच्या हाताखालीच शिकतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. दहावीच्या विज्ञानात ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस अंतर्गत मूल्यमापनाचे, पाठ्यक्रम लांबलचक, शिक्षकांमागे शाळाबाह्य कामांचा लकडा, त्यात काही मुलांना अजून धड वाचता येत नाही. अशा वेळी राबाच्या पिशव्या हे चोचले नव्हेत का? माझ्या मते नाहीत, कारण हे काम पाठ्यक्रमाच्या बाहेरचे नाही. माती, वनस्पतींचे पोषण, सूक्ष्मजीव, मापन, सरासरी, आलेख हे सारे पुस्तकात आहेच. फक्त ते सुट्या धड्यांत विखुरले आहे. तीन आठवड्यांत दर दोन दिवसांनी दहा मिनिटे नोंदींना आणि आठवड्याला एक तास चर्चेला दिला, तर चार-पाच धडे एकत्र शिकवून होतात. वाचनाचा मुद्दा तर उलट बाजूने पाहायला हवा. ज्या मुलाला दुसऱ्याचे वाक्य वाचायला जड जाते, त्याला स्वतः मोजलेल्या रोपाविषयी दोन ओळी लिहिण्याचे कारण मिळते. तिथे ‘आवण’, ‘दाढ’, ‘भाजणी’ असे घरचे शब्द चालतील. पुस्तकी संज्ञा त्यांच्या जोडीला येतील. परीक्षेचे म्हणाल, तर वीस गुण शाळेच्याच हाती आहेत. त्यांतले काही अशा नोंदवहीला द्यायला शाळेला कुणाची वाट बघायची गरज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. शहरातल्या मुलांना रोबो आणि संगणक, खेड्यातल्या मुलांना मात्र पुन्हा माती आणि शेण, हा भेद कशासाठी? १९३७ मध्ये वर्ध्याला मांडल्या गेलेल्या नयी तालीमविषयीही अशी शंका घेतली गेली होती. मुलांनी शिकून शेतीबाहेर पडावे असे वाटणाऱ्या आईवडिलांची ही भीती अजिबात चुकीची नाही. पण इथे माती हा शेतीच्या शिक्षणाचा विषय नाही, ती विचार करण्याच्या रीतीची सामग्री आहे. आज औषधांच्या चाचण्यांपासून संगणकीय सेवांपर्यंत जगभर वापरली जाणारी प्रयोगरचना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून विभागणी, पुनरावृत्ती आणि तुलनेचा गट, रोनाल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेडच्या शेतातल्या वाफ्यांवर काम करता करता घडवली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाच्या नमुना पाहणीतून सांख्यिकीत नाव मिळवले, आणि व्ही. जी. पानसे यांच्यासह शेतीसंशोधकांसाठी लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५४ पासून देशभर वापरला गेला. वीस पिशव्यांचे आकडे नीट हाताळायला शिकलेले मूल उद्या परिचारिका होवो, अभियंता होवो की शेतकरी, ते शिक्षण त्याच्या उपयोगी पडेल. याच आकड्यांवर संगणकही शिकवता येतो. माती की संगणक अशी निवड करण्याचे कारण नाही.

मुलांच्या मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा, असाही प्रश्न येईल. एका मुलाच्या एका मोजमापावर ठेवू नये. पण एकच रोप दोघांनी स्वतंत्रपणे मोजले, दोन आकड्यांतला फरक नोंदवला आणि तोच प्रयोग पाच शाळांनी केला, तर चुकांचा आवाका कळतो. चुकांचा आवाका माहीत असलेली आकडेवारी उपयोगाची असते, मग ती कुणीही गोळा केलेली असो. केरळात सुरू होऊन आता देशभर चालणाऱ्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात शाळकरी मुले ठरावीक झाडांची पालवी, मोहोर आणि फळे दर आठवड्याला नोंदवतात, आणि हवामानबदलाचा झाडांवर काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी संशोधक त्या नोंदी वापरतात.

आता अशा गोष्टी टिकतात कशा, याकडे वळू. १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, दुकानांत कार्डयंत्रे आली आणि देशभर गावाचे नाव झाले. पुढे बरेचसे व्यवहार पुन्हा रोखीने होऊ लागल्याच्या बातम्या आल्या. यंत्र आले म्हणजे रीत बदलली असे होत नाही. रीत टिकायला ती रोजच्या गरजेशी जोडलेली असावी लागते. शाळांच्या प्रयोगशाळांनाही हे लागू आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि ते स्वागतार्हच आहे, पण प्रश्नाविना आलेले उपकरण कपाटात जाते. म्हणून शाळेच्या नोंदींची खरोखर गरज असणारे कुणीतरी शाळेबाहेर हवे. इथे ते जवळच आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे भातसंशोधनाचे केंद्र कर्जतला आहे. ‘कर्जत’ नावाचे भाताचे वाण तिथेच तयार झाले. या केंद्राने दर वर्षी जूनपूर्वी आपल्याला सतावणारे दोन-तीन छोटे प्रश्न मुरबाड आणि शहापूरच्या शाळांकडे पाठवावेत. तालुक्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनी तो प्रयोग आधी स्वतः करून बघावा. दिवाळीपूर्वी शाळांनी आपले तक्ते परत पाठवावेत आणि केंद्राने त्यांचे काय केले हे मुलांना लेखी कळवावे. भूजल यंत्रणेनेही विहिरींच्या नोंदींबाबत असेच करावे.

यातील लेखी उत्तराला मी सर्वाधिक महत्त्व देतो. आपण मोजलेला आकडा कुणीतरी वाचला, त्यावर शंका घेतली, पुन्हा मोजायला सांगितले, हा अनुभव संशोधनाचा आत्मा आहे, आणि आजवर तो फार थोड्या मुलांच्या वाट्याला आला आहे. राब भाजणारे शेतकरी एकेकाळी आयोगापुढे आपला अनुभव सांगत होते. त्यांच्याजवळ निरीक्षण होते, पण ते तपासून आकड्यांत मांडण्याचे साधन दुसऱ्यांच्या हाती होते. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या हाती ते साधन द्यायला वीस पिशव्या, एक वही आणि वेळेवर येणारे एक पत्र एवढेच लागते. ते या पावसाळ्यातच सुरू करता येण्याजोगे आहे, आणि करायला हवे.